ठिकाण : मागची खोली

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्यांनी लिनक्सवर चालणारा प्रिंटर घेऊन पाहिला नव्हता, एवढंच. सुनयनानं तो घ्यायचं मनावर घेतलं आणि बोथच्या तहसील कचेरीसमोरचा प्रत्येक माणूस तिचा सल्लागार झाला. चहावाला म्हणाला, शाईच्या टाकीचा घ्या, स्वस्त पडते. शेजारचे खतवाले मारोतराव म्हणाले, शाई सुकते, लेझरचाच घ्या. कचेरीतल्या कारकुनानं तर कंपनीचं नावच सांगून टाकलं आणि मग हळूच विचारलं, "पण लिनक्स म्हंजे काय असते?"

ते सुनयनालाही फारसं ठाऊक नव्हतं. तिचा धाकटा भाऊ संतोष हैदराबादेत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. बंद पडलेल्या एका शाळेतला जुना कॉम्प्युटर त्यानं तिला मिळवून दिला होता. तो इतका म्हातारा की विंडोज त्याला पेलवेना, म्हणून संतोषनं त्यात लिनक्स टाकलं. फुकटचं आणि हलकं. गोम एकच होती, वाटेल तो प्रिंटर आणून जोडला की चाललाच असं नाही. काही छापतात पण स्कॅन करत नाहीत, काही नुसते दिवे लावून बसतात. "ताई, पत्रिका जुळते का थे आधी पाहू, मंग सोयरीक," संतोष फोनवर म्हणायचा. "घाई नको करू."

घाई तर होतीच. सुनयनाचा नवरा जीवन ट्रकवर असायचा आणि मनात येईल तेव्हा घरी उगवायचा. घरात राज्य सासूबाईंचं, मथुराबाईंचं. दीर, जावा, पोरं, धान्याची पोती; त्या भरल्या घरात सुनयनाच्या नावाचा एक कोपरा नव्हता. साडी बदलायची तीही पोत्यांच्या आड, आणि तिथंही कुणी ना कुणी तूरडाळ काढायला यायचं. आतून कडी लावता येईल अशी एक खोली असावी, एवढंच तिला फार दिवसांपासून वाटत होतं. हे झेरॉक्सचं दुकान म्हणजे तिनं भांडून मिळवलेली खोली होती. मथुराबाईंनी दसऱ्याला ते मांडू दिलं, पण अट घालूनच.

"मशीन आली त ठीक," त्या म्हणाल्या होत्या. "नाई त कापूस फुटला की दुकानाले कुलूप आन् तू वेचणीले. घरची बाई रिकाम्या टेबलामांगं बसून राह्यली त लोक हासतात."

आणि रानात कापूस फुटायला लागला होता.

गाळा मारोतरावांचाच. तिन्ही अंगांना भिंत, समोर शटर. नव्या दुकानाच्या दाराला दोन्ही बाजूंनी बाईनं ओल्या हळदीचे हात द्यायचे ही तिकडची रीत. पण या गाळ्याला पुढून भिंतच नव्हती आणि शटरच्या पत्र्यावर हळद ठरेना. मग सुनयनानं मागच्या कोऱ्या भिंतीवर, मध्ये दोन-अडीच हात जागा सोडून, एक डावा आणि एक उजवा हात उमटवला. तिच्या उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली विळ्याचा जुना वण होता. हळदीत त्याचीही तिरकी कोरी रेघ उठली. तिला ते आवडलं होतं, सही केल्यासारखं वाटलं होतं.

पहिलं मशीन तिनं भैंशाच्या बाजारातून आणलं. छपाई, स्कॅन, झेरॉक्स सगळं एकात, पण जुनं. "सब में चलता है बहन, आँख बंद करके ले जाओ," असं म्हणून दुकानदारानं ते तिच्या गळ्यात मारलं. नाही चाललं तर परत घेईन, एवढं तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. सकाळी दुकान उघडून, मशीनला हळदकुंकू लावून तिनं केबल जोडली. नुसती झेरॉक्स निघाली, पण कॉम्प्युटरनं मशीनला ओळखच दाखवली नाही. तिनं संतोषला फोन लावला.

"सेटिंगमदी जाय," तो म्हणाला. "प्रिंटर शोध म्हणून बटन हाय, थे दाब. काय दिसते?"

"एक दिसते."

"मंग झालं की! भैंशाचंच असन."

पण ते भैंशाचं नव्हतं. नावाच्या जागी नुसते आकडे होते. सगळी खिडकी इंग्रजीत होती, पण ठिकाणाच्या रकान्यात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं : मागची खोली. त्याखाली, स्थिती : तयार.

"मागची खोली म्हणते रे हे," सुनयना म्हणाली. "माह्या दुकानाले मागची खोली कुठची?"

संतोष हसला. लिनक्स असंच करतं म्हणाला, आजूबाजूला कुणाचं मशीन उघडं असलं की आपणहून शोधून काढतं. कचेरीतलं असेल. दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नकोस, काढून टाक यादीतून. तिनं काढलं. ते परत आलं. दुकानात नेट म्हणजे तिच्या फोनवरचंच. तिनं तेही बंद केलं. आता कुठूनच काही यायला वाट नव्हती, तरी नाव होतं तिथंच होतं.

तेवढ्यात मागच्या भिंतीवर धप् धप् आवाज झाला. कुणी मुठींनी बडवावं तसा.

"खताची गाडी आली वाटते," ती फोनवर म्हणाली. पोती उतरवताना शेजारी असा दणदणाट व्हायचाच. पण उठून बघितलं तर मारोतरावांच्या दुकानापुढं गाडी नव्हती. ते एकटेच खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

"मामा, या गाळ्यांले मांगून कधी खोली होती का?"

"नाई बा. मीच बांधले हे. मांगं माही तूर हाय, जाऊन पाहून ये."

ती गेली. गाळ्यांच्या मागं विटांची सलग भिंत होती, तिला लागून सांडपाण्याची नाली आणि नालीपलीकडं तूर. भिंतीत दार नव्हतं, खिडकी नव्हती, बुजवल्याची खूणही नव्हती. तिनं भिंतीवर हात ठेवून पाहिला. ऊन असल्यामुळं असेल, वीट गरम लागली.

परत आली तर बयनाबाई येऊन बसलेली. म्हातारी गावातली सगळ्यांचीच मावशी. पेन्शनच्या दरखास्तीला आधारकार्ड छापून हवं होतं. तिची नजर मागच्या भिंतीवर लागलेली होती.

"हात दाराले देतात, पोरी," ती म्हणाली. "तू भिंतीले काऊन देले?"

"पुढं जागाच नाई, मावशी."

"मंग नाई द्याचे. दार नसन तिथं दार दाखवू नये." म्हातारीनं मान तिरकी करून कान दिला. "आत कोन हाय व?"

"कोणी नाई. मांगं तूर हाय."

"हाक आल्यावानी वाटली मले."

सुनयनानंही भिंतीला कान लावला आणि तिला स्वतःचाच राग आला. गिऱ्हाईक बसलंय, सासूची अट डोक्यावर आहे, आणि आपण भिंतीला कान लावतोय. तिनं फोनमधला आधारचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला, प्रिंट दाबली. भैंशाचं मशीन हललंही नाही. पडद्यावर मात्र आलं : छपाई पूर्ण. आणि भिंतीपलीकडून कागद ओढला जाण्याचा आवाज आला, मग रोलर फिरल्याचा, मग कागद ट्रेमध्ये पडल्याचा. तिनं सकाळपासून जो आवाज ऐकायची वाट पाहिली होती तोच, नीट, तब्येतीचा आवाज.

बयनाबाई उठून उभी राहिली. "उद्या येतो," म्हणाली आणि काठी टेकत चालू लागली.

सुनयनानं घाम पुसला. निदान स्कॅन तरी होतंय का पाहावं म्हणून तिनं भैंशाच्या मशीनच्या काचेवर स्वतःचं पासबुक ठेवलं आणि बटण दाबलं. ते मशीन थंडच. पण भिंत आणि फरशीच्या सांध्यातून उजेडाची एक रेघ डावीकडून उजवीकडं सरकत गेली. पडद्यावर चित्र उघडलं, सबंध काळं.

"काय आलं?" संतोषनं फोनवर विचारलं.

"काळंच आलं."

"थे मशीन परत कर, ताई. मी पाह्यतो दुसरं. पत्रिका जुळलेलं."

पडद्यावर काळा चौकोन तसाच होता. तिनं तो बंद केला, दुपार कलायच्या आत सामान आवरलं. दुकान सोडताना टेबलाला हात लावून निरोप घ्यायची तिची सवय होती. जातो म्हणायचं नसतं, आणि तिकडं बायकाही 'येतो'च म्हणतात. "येतो बरं," ती नेहमीसारखं लाडानं म्हणाली आणि शटर खाली ओढलं.

भैंशाच्या दुकानदारानं मशीन परत घेतलं, पण तोंड वाकडं करून. मथुराबाईंनी तिच्या कमरेला वेचणीचं फडकं बांधलं. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघाली. ती रोज रात्री जावांच्या ओळीत झोपायची आणि कूस बदलायला जागा नसायची. त्या ओळीत पडल्या पडल्या तिला मागची खोली आठवायची. खोटं कशाला बोला, भीतीबरोबर थोडा हेवाही वाटायचा. तिथं कुणीतरी एकटंच राहत होतं.

संतोषनं मात्र शब्द पाळला. त्यानं शोधून शोधून एक लहानसं, शाईच्या टाकीचं मशीन काढलं. स्वस्त, आणि लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर प्रोग्राम न टाकता चालणारं, असं चार जणांनी वापरून सांगितलेलं. आदिलाबादच्या दुकानातून ते बसनं बोथला आलं. मथुराबाईंनी खोक्याकडं बघून नाक मुरडलं, पण म्हणाल्या, "आजचा दिवस देतो. चाललं त चाललं."

सकाळी तिनं ते टेबलावर मांडलं. केबल लावायचा अवकाश, कॉम्प्युटरनं नावासकट ओळखलं. पहिला कागद देवाचा म्हणून तिनं गणपती छापला. निघाला! रंगीत, ओलसर, सोंडेसकट. सुनयनाच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. मारोतरावांना ओरडून सांगितलं तर ते पेपर टाकून आपला खताचा परवाना घेऊनच आले. "हे स्कॅन करून ठेव बाई माह्या फोनमदी. मी चहा सांगून येतो."

तिनं परवाना नव्या मशीनच्या काचेवर पालथा घातला. झाकण लावलं. बटण दाबलं.

नवं मशीन गप्प राहिलं. उजेडाची रेघ भिंतीखालून गेली.

पडद्यावर चित्र वरून खाली उलगडत आलं. आधी बोटांची टोकं. काचेवर दाबून पांढरी पडलेली, सोललेली. मग बोटं. मग तळवा.

अंगठ्याखाली तिरकी रेघ होती.

सुनयना कितीतरी वेळ बघत राहिली. बाहेर कचेरीपुढं माणसं बोलत होती, मोटारसायकल सुरू होत होती. तिनं आपला उजवा हात पडद्याशेजारी धरला. बोट न् बोट, चीर न् चीर. डोकं ठिकाणावर ठेवायचं, एवढं तिला कळत होतं. कॉम्प्युटरला भिंतीवरचा ठसा कुठून दिसणार? पण वण तोच आहे की वेगळा, हे ताडून पाहता येईल. ती उठली. हळद अजून पिवळीधमक होती. तिनं उजव्या ठशावर उजवा हात ठेवला, वणावर वण.

बरोबर बसला.

भिंत गार नव्हती. चालून चालून तापलेल्या मशीनसारखी होती.

ती वळली, मारोतरावांना हाक मारायला.

शटर नव्हतं.

शटरच्या जागी भिंत होती आणि भिंतीवर हळदीचे दोन हात. मध्ये दोन-अडीच हात जागा. टेबल होतं. त्यावर एक मोठं, जुनाट मशीन होतं, कुठल्याच कंपनीचं नाव नसलेलं. त्याचा हिरवा दिवा जळत होता. बाकी उजेड नव्हता. वारा नव्हता. फोन त्या बाजूला, कॉम्प्युटरजवळ राहिला होता.

तिनं ठशावर हात ठेवून पाहिला. पुन्हा पुन्हा ठेवून पाहिला. ती नुसती भिंत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पलीकडं शटर वर गेल्याचा खडखडाट झाला आणि कुणी बाई बोलायला लागली. आवाज ओळखायला तिला वेळ लागला. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय कुणाला असते?

"मागची खोली म्हणते रे हे. माह्या दुकानाले मागची खोली कुठची?"

सुनयनानं दोन्ही मुठींनी भिंत बडवली.

"खताची गाडी आली वाटते," पलीकडून आलं.

तिनं हाका मारल्या. घसा फाटेस्तोवर मारल्या. बऱ्याच वेळानं काठीची टकटक ऐकू आली, आणि बयनाबाईचा आवाज. "आत कोन हाय व?"

"मावशी! मी हाय, मी! सुनयना!"

"कोणी नाई," सुनयना पलीकडून म्हणाली. "मांगं तूर हाय."

टेबलावरचं मशीन आपोआप चालू झालं. कागद ओढला गेला, रोलर फिरला. ट्रेमध्ये आधारकार्ड पडलं. हिरव्या उजेडात बयनाबाईचा घाबरलेला फोटो तिच्याकडं बघत होता.

आता स्कॅन, तिला आठवलं. आता ती काचेवर पासबुक ठेवेल.

कागदावर लिहून काचेवर ठेवावं, तर लिहायला काही नव्हतं. तिनं टेबल चाचपलं, फरशी चाचपली. एक पेन्सिल नाही, कोळसा नाही. होते ते तिचे हात. मशीनचं झाकण उघडं होतं आणि काच वाट बघत होती.

हात ठेवला तर ती ओळखेल. ओळखेल आणि भिंतीशी येईल.

म्हणजे हाक मारायची असली तरी हात ठेवायचा नाही. ती इकडं आली नाही, तर आपणही इथं नसू. एवढं एकच तिला सुचलं आणि तेवढंच ती धरून बसली. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून काखेत दाबून धरले. काचेखालून पांढरा उजेड सरकत आला, तिच्या तोंडावरून गेला आणि विझला.

मग ऐकू आलं.

"काळंच आलं."

सुनयना हमसून हमसून रडली. सुटलो, असं तिला वाटलं. ती वाचली, म्हणून मी वाचलो.

मग रडणं हळूहळू थांबलं. ती अजून तिथंच होती. आणि पहिल्या खेपेला काळंच आलं होतं, हे तिला आठवलं. हात दुसऱ्या खेपेला आला होता. नवं मशीन आल्यावर. त्याच्या आधी वेचणी होती.

पलीकडं सामान आवरल्याचे आवाज येत होते. खुर्ची सरकली. टेबलावर कुणी हलकेच थाप मारली.

"येतो बरं," ती लाडानं म्हणाली, आणि शटर खाली आलं.

रानात कापूस फुटला होता. आता बरेच दिवस कुणी येणार नव्हतं.

सुनयना अंधारात बसून राहिली. खोलीत गारठा यायला लागला तेव्हा तिनं पदरातून हात काढला आणि टेबल चाचपलं. मशीनची काच अजून कोमट होती. तिनं त्यावर उजवा हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.